शटडाउन करताना लिनक्स अडकतंय? आधी वायफायचं डोंगल उपटून बघा

शटडाउन दाबलं, डेस्कटॉप गेला, स्क्रीन काळी झाली आणि मग काहीच नाही. पंखा फिरतोय, लाइट चालू आहे, पाच मिनिटं झाली तरी मशीन बंद होत नाही, शेवटी वैतागून पॉवर बटण दाबून धरायचं. हे रोजचं झालं असेल आणि मशीनला यूएसबीचा वायफाय अडॅप्टर लावलेला असेल, तर बाकी कशालाही हात लावायच्या आधी शटडाउन दाबायच्या दहा सेकंद आधी तो अडॅप्टर काढून बघा. बाकीचं नंतर.

मी हे केलं नाही. दोन आठवडे डेस्कटॉपला शिव्या घातल्या, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, एकदा तर अख्खी सिस्टम नव्याने टाकली, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मग एक दिवस डोंगल दुसऱ्या मशीनला लावायला काढलं होतं आणि त्या दिवशी हे येडं पाच-सहा सेकंदात मुकाट्याने बंद झालं. तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

कमांड इथे सगळ्या देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, बहुतेक सगळी छोट्या लिपीतली. आणि बऱ्याच कमांडच्या पुढे सुडो (म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने चालव) लागेल, ते दर वेळी लिहीत बसत नाही.

तर टेस्ट. तीन वेळा शटडाउन करायचं, प्रत्येक वेळी वेगळ्या पद्धतीने, आणि किती वेळ लागला ते कागदावर लिहायचं, कारण चौथ्या वेळेला काही आठवत नाही. पहिल्यांदा डोंगल काढून. दुसऱ्यांदा डोंगल लावलेलंच पण वायफाय बंद करून, त्यासाठी "एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑफ". हे लक्षात ठेवा की हा ऑफ पुढच्या बूटलाही तसाच राहतो, मग मशीन चालू झाल्यावर नेट का नाही म्हणून अजून अर्धा तास घालवू नका, "ऑन" करा. तिसऱ्यांदा ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडलेला त्याचा तुकडा, हाताने काढून. कुठलं मॉड्यूल ते "एलएसयूएसबी -टी" दाखवतं, झाडासारखी यादी येते आणि प्रत्येक डिव्हाइससमोर ड्रायव्हरचं नाव असतं. कधी कधी ते नाव मॉड्यूलच्या नावापेक्षा जरासं वेगळं असतं, मग "एलएसमॉड" मध्ये जवळचं नाव शोधा. कार्ड लॅपटॉपच्या आतलं असेल तर "एलएसपीसीआय -के". नाव मिळालं की "मॉडप्रोब -आर" आणि पुढे ते नाव.

आता निकाल वाचायचा कसा. डोंगल काढलं तरी अडकतंय, तर अडॅप्टर निर्दोष, दुसरीकडे शोधा. वायफाय ऑफ करून नीट बंद होतं पण कनेक्ट असताना अडकतं, तर बहुतेक वेळा नेटवर्कवरून माउंट केलेलं, म्हणजे आपल्या मशीनवर फोल्डरसारखं जोडलेलं, काहीतरी आहे किंवा ड्रायव्हर कनेक्शन सोडतानाच फसतोय. आणि मॉडप्रोब -आर मारल्यावर टर्मिनलच परत आलं नाही, कंट्रोल सी दाबून पण काही होत नाही, तर मग आरोपी सापडला, ड्रायव्हरच आहे. ही तिसरी टेस्ट सगळ्यात भारी, कारण जे शटडाउनला काळ्या स्क्रीनमागे होतं ते इथे चालू मशीनवर डोळ्यासमोर होतं. फक्त आधी उघड्या फाइली सेव्ह करून ठेवा.

मध्येच एक सांगतो, कारण वाचणाऱ्यातला कोणीतरी आत्ताच अडकलेल्या मशीनसमोर बसला असेल. पॉवर बटण दाबून धरू नका. ऑल्ट आणि सिसआरक्यू, म्हणजे प्रिंट स्क्रीनचं बटण, दोन्ही धरून एस, मग थोडं थांबून यू, मग ओ. एस ने राहिलेला डेटा डिस्कवर लिहिला जातो, यू ने फाइल सिस्टम फक्त वाचण्यापुरती होते, ओ ने मशीन बंद. बंदऐवजी रीस्टार्ट हवं असेल तर ओ च्या जागी बी. उबुंटूत हे सगळं चालतं, तिथे कर्नल.सिसआरक्यू या सेटिंगची किंमत १७६ असते आणि त्यात नेमक्या एवढ्याच गोष्टींची परवानगी येते. फेडोरात ती १६ असते, म्हणजे फक्त एस चालतो, बाकीचं हवं तर सिसकंट्रोलमध्ये (एस-वाय-एस-सी-टी-एल) तो आकडा आधीच वाढवून ठेवावा लागतो. लॅपटॉपवर एफएन पण धरावं लागू शकतं, बोटांची कसरत आहे.

आता खरं काम, घोडं नक्की कुठे पेंड खातंय ते बघणं. शटडाउन ही एक गोष्ट नाही, तीन टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याचा इलाज वेगळा. लोक इथेच चुकतात, कुठेतरी एक कमांड मिळते ती टाकतात, ती दुसऱ्याच टप्प्याची असते, आणि मग "लिनक्स बेकार आहे" वगैरे. ते दिसायला आधी तो गोल फिरणारा लोगो घालवा. शटडाउन होताना एस्केप दाबलं की बऱ्याचदा मागचे मेसेज दिसतात. नाही दिसले तर ग्रबमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना येणाऱ्या बूटच्या मेनूत, ई दाबून "लिनक्स" ने सुरू होणाऱ्या ओळीतून "क्वाएट" आणि "स्प्लॅश" हे दोन शब्द काढा आणि कंट्रोल एक्स ने बूट करा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

पहिला टप्पा सर्व्हिसेस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्रॅम, बंद होण्याचा. इथे अडकलं तर "अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर" आणि पुढे कोणाचं तरी नाव, बाजूला सेकंद मोजणारा आकडा. नाव नेटवर्क मॅनेजर किंवा डब्ल्यूपीए सप्लिकंट (वायफायचा पासवर्ड वगैरे बघणारा) असेल तर तुम्ही बरोबर पानावर आहात. सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सर्व्हिसेस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम, मूळ सेटिंगनुसार ९० सेकंद वाट बघतं, मग सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने मारायचा सिग्नल, पाठवतं. पण गंमत अशी की ९० सेकंद संपले तरी काउंटर थांबत नाही, पुढची मर्यादा वाढून परत मोजणी सुरू होते. दुसरा टप्पा अनमाउंटचा, तिथे "फेल्ड टू अनमाउंट" सारखं काहीतरी दिसतं किंवा स्टॉप जॉबसमोर कुठल्यातरी फोल्डरचा पाथ असतो. तिसरा टप्पा एकदम शेवटचा, सगळं संपून "सिस्टमडी-शटडाउन" च्या नावाने "पॉवरिंग ऑफ" येतं आणि तिथेच चित्र गोठतं. इथे प्रोग्रॅम वगैरे सगळे मेलेले असतात, कर्नल एकेका ड्रायव्हरला "चल, आवर आता" म्हणत असतो आणि एक जण आवरत नाही.

मोबाइलने फोटो काढा. हसू नका, सगळ्यात कामाची पद्धत तीच आहे.

फोटो जमला नाही तर पुढच्या बूटला "जर्नलसीटीएल -बी -१ -ई", म्हणजे मागच्या बूटच्या लॉगचं शेवटचं पान. काहीच नाही आलं तर तुमचा लॉग डिस्कवर साठवलाच जात नाहीये, /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर बनवा आणि एकदा रीस्टार्ट करा. लॉगमध्ये काय शोधायचं? "ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स" ही ओळ, म्हणजे एखादं काम दोन मिनिटं जागचं हललेलं नाही, आणि तिच्याखाली जी लांबलचक यादी येते त्यात तुमच्या वायफाय ड्रायव्हरचं नाव आहे का ते बघा. दुसरी "अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर डब्ल्यूलॅन० टू बिकम फ्री". डब्ल्यूलॅन० च्या जागी तुमच्या इंटरफेसचं नाव येईल, यूएसबीवाल्यांचं बऱ्याचदा डब्ल्यूएलएक्स ने सुरू होऊन पुढे मॅक अॅड्रेस असतो. ही ओळ दिसली म्हणजे कर्नलला ते इंटरफेस काढून टाकायचंय पण कोणीतरी अजून धरून बसलंय. तिसरी "प्रोसेसेस स्टिल अराउंड आफ्टर सिगकिल", जिचा अर्थ खाली येतोच.

सिगकिल देऊनही प्रोग्रॅम मरत कसा नाही हा प्रश्न मला पण पडला होता, कारण आपण ऐकलेलं असतं की किल -९, म्हणजे हेच सिगकिल, ब्रह्मास्त्र आहे. तसं नाहीये. प्रोग्रॅम जेव्हा कर्नलला एखादं काम सांगतो आणि कर्नल हार्डवेअरच्या उत्तराची वाट बघत बसतो तेव्हा तो प्रोग्रॅम "डी" अवस्थेत जातो, त्या झोपेत त्याला सिग्नल पोचतच नाही. वायफायच्या बाबतीत होतं असं की डोंगलमधलं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलाच छोटा प्रोग्रॅम, लटकतं, ड्रायव्हर त्याला विचारत राहतो, आणि विचारताना त्याने नेटवर्कचं एक मोठं कुलूप हातात धरलेलं असतं. ते कुलूप सगळ्या नेटवर्कला मिळून एकच. त्यामुळे नेटवर्क मॅनेजर अडतो, सप्लिकंट अडतो, साधी "आयपी लिंक" कमांड मारली तरी ती पण अडते. म्हणून मेसेजमध्ये नाव नेटवर्क मॅनेजरचं येतं आणि बिचाऱ्याची काही चूक नसते. "पीएस एएक्स" मारून तिसऱ्या रकान्यात डी असलेले कोण आहेत ते बघा, तिथे दोन-तीन नेटवर्कवाले एकत्र झोपलेले दिसले की समजायचं.

अडकलेल्या अवस्थेत आत शिरून बघायचं असेल तर त्याची पण सोय आहे: "सिस्टमसीटीएल एनेबल डीबग-शेल.सर्व्हिस", मग रीस्टार्ट, मग शटडाउन, अडकलं की कंट्रोल ऑल्ट एफ९. थेट रूट शेल, म्हणजे सगळे अधिकार असलेलं टर्मिनल, मिळतं, पासवर्ड नाही काही नाही. तिथे "सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स" मारलं की कोण कोणासाठी थांबलंय ते दिसतं. काम झालं की हे डिसेबल करायचंच, नाहीतर मशीनजवळून जाणारा कोणीही एफ९ दाबून रूट होईल.

इलाजाकडे येऊ. अडकणं दुसऱ्या टप्प्यात असेल तर अडॅप्टर बदलून शून्य फायदा. नेटवर्कवरचं शेअर, एनएफएस किंवा विंडोजवालं सांबा, माउंट केलेलं असतं आणि ते सोडायच्या आधीच वायफाय गेलेलं असतं, मग अनमाउंट सर्व्हरची वाट बघत बसतं. आता वायफाय आधी का जातं, केबलला तर असं होत नाही? याचं एक कारण फार कमी लोकांना माहीत असतं: वायफायचं कनेक्शन फक्त तुमच्या युजरपुरतं सेव्ह झालेलं असेल तर तुम्ही लॉगआउट झालात की कनेक्शन पण जातं, आणि शटडाउनमध्ये लॉगआउट खूप आधी होतं. नेटवर्क सेटिंगमध्ये त्या कनेक्शनला "सगळ्या युजर्सना वापरता येईल" अशा अर्थाची टिक असते ती लावा. बस, अनेकांचं काम इथेच होतं. शिवाय एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय काय माउंट करायचं त्याच्या यादीच्या फाइलमध्ये, त्या शेअरच्या ऑप्शनमध्ये "_नेटडेव्ह" आणि "एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट" टाका, पहिल्याने सिस्टमला कळतं की हे नेटवर्कवालं आहे, आधी हे सोड मग नेट बंद कर, आणि दुसऱ्यामुळे शेअर हात लावला तरच माउंट होतं. घाईत असाल तर शटडाउनच्या आधी "यूमाउंट -एल" पण चालतं, फक्त त्यावर काही कॉपी होत नाहीये ना बघून घ्या.

पहिल्या टप्प्यात अडकतंय आणि मॉडप्रोब -आर पण लटकतंय, तर ड्रायव्हर. इथे आधी बघायचं की ड्रायव्हर किती आहेत. ज्यांनी कधीकाळी इंटरनेटवरून सोर्स उतरवून ड्रायव्हर बिल्ड केला होता त्यांनी "डीकेएमएस स्टेटस" मारा, असे बाहेरून टाकलेले ड्रायव्हर त्यात दिसतात. होतं काय, चिपला तेव्हा कर्नलमध्ये ड्रायव्हर नव्हता म्हणून बाहेरचा टाकला, मग कर्नल अपडेट होत गेलं आणि त्यात त्याच चिपचा ड्रायव्हर आला, आता एका म्यानात दोन तलवारी. उदाहरण द्यायचं तर रिअलटेकच्या ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या यूएसबी चिपांना कर्नल ६.२ पासून आरटीडब्ल्यू८८ मध्येच सपोर्ट आहे, ते कर्नल २०२३ च्या फेब्रुवारीत आलं. म्हणजे तुमचं कर्नल त्यापुढचं असेल तर बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसमधून काढून आतल्यावर चालतंय का बघा. उलटं पण होऊ शकतं, आतला अडकतो आणि बाहेरचा नीट चालतो, तेव्हा आतल्याला /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एक फाइल बनवून "ब्लॅकलिस्ट" आणि मॉड्यूलचं नाव असं बाद करायचं. त्यानंतर इनिट्रॅमएफएस, म्हणजे बूटच्या अगदी सुरुवातीला लागणारी फाइल, नव्याने बनवा, डेबियन-उबुंटूत "अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू", फेडोरात "ड्रेकट -एफ", आर्चमध्ये "एमकेइनिटसीपीआयओ -पी", यातला शेवटचा पी मोठ्या लिपीतला.

जुनं कर्नल पण ग्रबच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये असतं, त्यावर एकदा बूट करून शटडाउन करा. त्यावर नीट बंद झालं तर नव्या कर्नलमध्ये काहीतरी बिघडलंय, पुढच्या अपडेटपर्यंत जुन्यावर राहणं हा पण इलाजच आहे.

पॉवर सेव्हिंग हा दुसरा संशयित. डोंगल झोपलेलं असतं आणि शटडाउनच्या वेळी त्याला उठवायला गेलं की ते उठत नाही. नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये एक छोटी फाइल बनवून तिच्यात [कनेक्शन] या मथळ्याखाली "वायफाय.पॉवरसेव्ह = २" लिहा. इथे २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू, उलटं वाटतं पण तसंच आहे. त्याने नाही भागलं तर कर्नलच्या ओळीत, म्हणजे ग्रबमधल्या त्या "लिनक्स" वाल्या ओळीत, "यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-१", याने यूएसबीवरचं आपोआप झोपणंच बंद होतं. लॅपटॉपची बॅटरी थोडी जास्त खाईल. आतल्या कार्डासाठी याच धर्तीवर "पीसीआयई_एएसपीएम=ऑफ" करून बघतात.

एवढं करूनही ड्रायव्हर हट्टी असेल तर मी जे केलं ते करा. माझ्या मशीनवर हाताने मॉड्यूल काढलं की ते नीट निघत होतं, पण शटडाउनच्या गर्दीत नाही. मग सरळ शटडाउनलाच सांगितलं की बाबा आधी हे काढ. /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम मध्ये वायफाय-काढा.सर्व्हिस अशी फाइल:

[युनिट]
बिफोर=नेटवर्कमॅनेजर.सर्व्हिस डब्ल्यूपीए_सप्लिकंट.सर्व्हिस

[सर्व्हिस]
टाइप=वनशॉट
रिमेनआफ्टरएक्झिट=येस
एक्झेकस्टार्ट=/बिन/ट्रू
एक्झेकस्टॉप=/एसबिन/मॉडप्रोब -आर मॉड्यूलचं-नाव
टाइमआउटस्टॉपसेक=१५

[इन्स्टॉल]
वाँटेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट

यातल्या चाव्यांमध्ये मोठी-छोटी अक्षरं महत्त्वाची आहेत, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, शंका आली तर आधीपासून असलेली कुठलीही सर्व्हिस फाइल उघडून बघा. आता "बिफोर" बघून कोणी म्हणेल की हे नेटवर्क मॅनेजरच्या आधी का, आपल्याला तर तो बंद झाल्यावर मॉड्यूल काढायचंय. तर सिस्टमडी बंद करताना क्रम उलटा लावतं. चालू होताना जो आधी तो बंद होताना नंतर. म्हणजे आधी मॅनेजर आणि सप्लिकंट डोंगलवरचा हात सोडतात, मग आपण मॉड्यूल काढतो. मी पहिल्यांदा इथे "आफ्टर" लिहिलं होतं आणि मॉड्यूल वापरात असतानाच काढायला जात होतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि रिमेनआफ्टरएक्झिट विसरलात तर सर्व्हिस चालू होऊन लगेच संपते, तिचा स्टॉप एकदम तिथेच चालतो आणि बूट होतानाच वायफाय गायब. फाइल सेव्ह करून "सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड", मग "सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ" आणि फाइलचं नाव.

तिसऱ्या टप्प्यात अडकणाऱ्यांसाठी वरची सर्व्हिस बऱ्याचदा पुरते, कारण मॉड्यूल आधीच निघालं तर शेवटी कर्नलने विचारायला ड्रायव्हरच उरत नाही. नाही पुरली तर पुरावा गोळा करा. /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-शटडाउन या फोल्डरमधल्या चालवता येणाऱ्या फाइली एकदम शेवटच्या क्षणी चालतात. तिथे एक स्क्रिप्ट ठेवा जी रूट डिस्क परत लिहिण्याजोगी माउंट करेल, डीमेसेज म्हणजे डी-एम-ई-एस-जी चं आउटपुट एका फाइलमध्ये टाकेल आणि डिस्क परत फक्त वाचण्यापुरती करेल. तीन ओळींचं काम. हा लॉग नेहमीच्या जर्नलमध्ये कधीच सापडत नाही, कारण जर्नलवाला तोवर स्वतःच बंद झालेला असतो.

आणि एक वेगळाच प्रकार, मशीन बंद होतं आणि दोन सेकंदात आपोआप परत चालू. हे अडकणं नाही, हे उठवणं आहे. "कॅट /प्रोक/एसीपीआय/वेकअप" मारा, यादीत एक्सएचसी किंवा तशा नावासमोर एनेबल्ड असेल तर यूएसबीवरून मशीन उठू शकतं. रूट होऊन "एको एक्सएचसी" चं आउटपुट त्याच फाइलमध्ये पाठवलं की ते डिसेबल होतं, पुन्हा पाठवलं की परत एनेबल, त्यामुळे दोनदा मारू नका. बायोसमध्ये ईआरपी नावाचा पर्याय असेल तर तोही चालू करून बघा, त्याने बंद असताना पोर्टांचा करंटच तोडला जातो.

टाइमआउट कमी करायचा सल्ला सगळीकडे मिळेल, सिस्टम.कॉन्फ मध्ये "डीफॉल्टटाइमआउटस्टॉपसेक=१०एस" टाका म्हणून. फेडोराने पण ३८ पासून तो ९० वरून ४५ सेकंदांवर आणलाय, त्यामुळे कल्पना अगदीच वाईट नाही. पण डी मध्ये झोपलेल्या प्रोग्रॅमला दहा सेकंदांनी सिगकिल द्या नाहीतर नव्वद सेकंदांनी, तो उठणार नाही तो नाहीच, तुमची फक्त वाट बघायची वेळ कमी होते आणि त्या बदल्यात डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन चालू असेल तर त्याचा गळा दहा सेकंदांत दाबला जातो. कमी करायचाच तर फक्त नेटवर्क मॅनेजरचा करा, "सिस्टमसीटीएल एडिट नेटवर्कमॅनेजर" मारून तिथे [सर्व्हिस] खाली टाइमआउटस्टॉपसेक लिहा, अख्ख्या सिस्टमचा नको.

झालं दुरुस्त असं वाटलं की लगेच खूश होऊ नका. ताजं बूट करून लगेच बंद केलं तर कुठलंही मशीन शहाण्यासारखं वागतं. दोन-तीन तास वायफाय वापरा, मध्ये एकदा सस्पेंड करून उठवा, कारण डोंगलचं फर्मवेअर सस्पेंडनंतरच जास्त करून लटकतं, मग शटडाउन करा. एकदा रीस्टार्ट पण करून बघा, शटडाउन नीट आणि रीस्टार्ट अडकतोय असं पण होतं. आणि ती डीबग-शेल डिसेबल केलीत का?